खान्देशातले गुन्ह्यांचे आकडे वाचताना

जानेवारी आला की तिन्ही जिल्ह्यांतल्या वर्तमानपत्रांत गेल्या वर्षाचा हिशेब छापून येतो. खून इतके, घरफोड्या इतक्या, गेल्या वर्षापेक्षा इतके टक्के जास्त. त्यावरून जळगाव बिघडलं, धुळं सुधारलं, नंदुरबार शांत आहे, असे निष्कर्ष चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत काढले जातात. यातले बरेच निष्कर्ष चुकतात. पोलीस आकडे लपवतात हे त्याचं कारण कधीकधी असतं, नेहमी नाही. बहुतेक वेळा वाचणाऱ्यालाच ठाऊक नसतं की समोरचा आकडा कोणत्या रजिस्टरमधून आला, कोणत्या कलमाखाली बसला आणि त्या रजिस्टरचे नियम मधल्या काळात कधी बदलले. म्हणून सुरुवात ठाण्याच्या टेबलापासून करू.

ठाणे अंमलदाराच्या टेबलावर

माणूस तक्रार घेऊन येतो तेव्हा त्याच्या हकिगतीला निदान चार वाटा असतात. दखलपात्र असेल, म्हणजे कोर्टाला न विचारता पोलिसांना तपास करता येत असेल, तर एफआयआर होते आणि गुन्हा रजिस्टर नंबर पडतो. अदखलपात्र असेल तर एनसी. कुणी हरवलं असेल तर मिसिंग रजिस्टर. विहिरीत, झाडाला, शेतात कुणी मेलेलं सापडलं तर अकस्मात मृत्यू. जिल्ह्याच्या आणि राज्याच्या गुन्हे अहवालात जाते ती पहिली वाट. एनसी ढिगाने होतात, पण वर्तमानपत्रातल्या तक्त्यात त्यांना जागा नसते.

आता बांधावरचं भांडण घ्या. दोन भावकीत बाचाबाची झाली, थोबाडीत बसल्या, शिव्या झाल्या. जुन्या दंडविधानात ३२३, ५०४, ५०६ आणि नव्या न्याय संहितेत ११५(२), ३५२, ३५१. ही एनसी. अहवालाच्या दृष्टीने काही घडलंच नाही. त्याच भांडणात एकाने कुऱ्हाडीचा दांडा किंवा विळा वापरला की ३२४, आताचं ११८(१), आणि एफआयआर होते. आणि समोरून पाच जण चालून आले अशी फिर्याद आली, तर बेकायदा जमाव आणि दंगा. दंग्याला शिक्षा साध्या मारहाणीपेक्षा जास्त, म्हणून तक्त्यात तो प्रसंग 'दंगा' या रकान्यात जातो. दुसऱ्या बाजूनेही परस्परविरोधी फिर्याद दिली की एका बांधावरून दोन दंगे तयार होतात. २०२२ च्या राष्ट्रीय गुन्हे अहवालात दंग्यांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला होता. तो आकडा बघून डोळ्यांसमोर जळणारी दुकानं आणायची गरज नाही. त्यात जमिनीच्या आणि भाऊबंदकीच्या मारामाऱ्याही भरपूर असतात.

मोबाईलचं प्रकरण आणखी मजेशीर आहे. आठवडी बाजारात खिशातून फोन गेला तर कायद्याने ती चोरी. पण फिर्यादीला नेमकं कुणी, केव्हा काढला हे सांगता येत नाही. म्हणून 'गहाळ' अशी नोंद होते आणि हातात दाखला पडतो. विमा नसलेल्या फोनला तेवढं पुरतं. २०२३ च्या मे महिन्यात हरवलेला फोन ब्लॉक करायचं सरकारी सीईआयआर पोर्टल सगळ्यांना खुलं झालं. फोन ब्लॉक करायला पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत लागते, म्हणून लोक पूर्वी जात नव्हते ते आता ठाण्यात जायला लागले. पण ही गर्दी गहाळ रजिस्टरमध्ये दिसते, चोरीच्या रकान्यात नाही. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा भरते तेव्हा त्या ठाण्याच्या चोऱ्या तपासायच्या असतील, तर गहाळ मोबाईलचा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय काही कळणार नाही.

याच्या अगदी उलट मोटारसायकल चोरी. गाडीचा विमा मिळवायला एफआयआर लागते, आरटीओलाही लागते, आणि उद्या ती गाडी कुठल्या भानगडीत सापडली तर आपण अडकू ही भीती असतेच. म्हणून वाहनचोरीचा आकडा सगळ्यांत भरवशाच्या आकड्यांपैकी एक. खुनाचाही तसाच, कारण प्रेत लपवणं अवघड. त्याखाली घरफोडी, तीही दागिने गेले असतील तर. त्याखाली किरकोळ चोरी. विनयभंग आणि घरातली मारहाण सगळ्यांत शेवटी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण चौघींतल्या एकीने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. हे प्रमाण आपल्या जिल्ह्याच्या स्त्रियांच्या संख्येला लावून बघा आणि मग ४९८-अ चा, म्हणजे सासरच्या छळाच्या कलमाचा, आकडा काढा. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर निघेल. एखाद्या जिल्ह्यात ४९८-अ वाढलं तर तिथे छळ वाढला असेल, किंवा बाई ठाण्यापर्यंत पोहोचू लागली असेल. नुसत्या आकड्यावरून यातलं कोणतं हे ठरवता येत नाही.

४९८-अ मध्ये खान्देशाची एक खास गोष्ट आहे. आपल्याकडची हजारो कुटुंबं सुरतेत, उधना-लिंबायत भागात स्थायिक आहेत. मुली तिकडे दिल्या जातात, तिकडच्या इकडे येतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केलं की बाई माहेरी परतली असेल तर माहेरच्या ठाण्यातही फिर्याद देता येते. त्यामुळे सुरतेत झालेल्या छळाचा गुन्हा अमळनेरला किंवा शिंदखेड्याला मोजला जाऊ शकतो. त्यातही ठाण्यात गेल्या गेल्या गुन्हा दाखल होत नाही. आधी महिला तक्रार निवारण केंद्रात समुपदेशनाच्या बैठका होतात आणि तिथे मिटलं नाही तरच एफआयआर. म्हणजे केंद्र किती चिकाटीने तडजोड घडवतं यावर जिल्ह्याचा आकडा हलतो.

मोजायचे नियम

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग १९८६ साली सुरू झाला, पण 'भारतातील गुन्हे' हा वार्षिक अहवाल त्याच्याही आधीपासून, १९५३ च्या आकड्यांपासून निघतो. आकडे ठाण्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून पुण्याच्या सीआयडीकडे आणि तिथून दिल्लीला जातात. मोजण्याचे तीन नियम पक्के लक्षात ठेवावेत.

एक, एका एफआयआरमध्ये दहा कलमं असली तरी सगळ्यांत जड शिक्षेचं कलम मोजलं जातं. दरोडा घालताना खून झाला तर शिक्षेच्या हिशेबाने एकच रकाना वाढतो. बाकीची कलमं तक्त्यातून गायब होतात.

दोन, मोजलं जातं प्रकरण, माणसं नव्हेत. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. अशा घटनेचा एकच गुन्हा दाखल होतो तेव्हा खुनाच्या रकान्यात एक पडतो, बळींच्या रकान्यात पाच. राष्ट्रीय अहवालात खुनाच्या बाबतीत दोन्ही रकाने असतात. जिल्ह्याच्या प्रसिद्धिपत्रकात बहुधा पहिलाच असतो. पतसंस्थांच्या घोटाळ्यांत हेच उलटसुलट होतं. जळगाव जिल्ह्यात पतसंस्था बुडाल्या तेव्हा कुठे शेकडो ठेवीदारांची मिळून एकच फिर्याद झाली, कुठे ठाण्याठाण्यात वेगळ्या. बुडालेली रक्कम तेवढीच, पण फसवणुकीचा रकाना एका ठिकाणी एकने वाढतो आणि दुसऱ्या ठिकाणी पंचवीसने.

तीन, वर्ष धरलं जातं नोंदणीचं. घटना केव्हाची हे विचारात घेत नाहीत. जळगावच्या घरकुल प्रकरणातली योजना नव्वदच्या दशकातली, फिर्याद फेब्रुवारी २००६ ची, निकाल धुळ्याच्या विशेष न्यायालयात ३१ ऑगस्ट २०१९ चा, दोषी ठरले ४८ जण. तक्त्यात हे प्रकरण २००६ च्या जळगावच्या रकान्यात एक गुन्हा म्हणून बसतं. शाबितीचं प्रमाण काढतानाही हेच भान हवं. ते त्या वर्षी निकाली निघालेल्या खटल्यांवर काढतात, त्या वर्षी दाखल झालेल्या गुन्ह्यांवर नाही. 'यंदा शाबिती वाढली' याचा अर्थ पाच-दहा वर्षांपूर्वीच्या तपासाला आज फळ आलं, एवढाच असू शकतो. आताच्या अधीक्षकांना त्याचं श्रेय द्यायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

तपास संपल्यावर 'ब समरी' झाली, म्हणजे फिर्याद खोटी निघाली, तरी दाखल गुन्ह्यांच्या संख्येतून ती वजा होत नाही. 'अ समरी' म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही. घरफोडीत तिचं प्रमाण बघण्यासारखं असतं. दाखल किती यापेक्षा उघड किती हा प्रश्न तिथे जास्त कामाचा.

छाप्यांचे आकडे

दारू, जुगार, गांजा, गुटखा, गावठी कट्टे यांच्या गुन्ह्यांना सहसा फिर्यादी नसतो. पोलीस छापा घालतात तेव्हाच गुन्हा जन्माला येतो. हे आकडे गुन्हेगारीपेक्षा पोलिसांच्या कामाचे आहेत. दारूबंदी कायद्याच्या केसेस दुप्पट झाल्या, याचा अर्थ बहुधा एवढाच की निवडणूक होती किंवा नव्या अधिकाऱ्याने मोहीम काढली.

खान्देशात या केसेसचा भूगोल मात्र वाचण्याजोगा आहे. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत उमर्टी आहे आणि पलीकडे मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातलं पार उमर्टी. तिथले कट्टे राज्यभर पकडले जातात. त्यामुळे चोपडा ग्रामीण ठाण्यात शस्त्र कायद्याचे गुन्हे ठाण्याच्या आकारमानाच्या मानाने जास्त दिसतात. ते गुन्हे मार्गावर पकडलेल्यांचे आहेत, चोपड्याचे लोक कट्टे घेऊन फिरतात असा त्याचा अर्थ नाही. शिरपूर तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात कापूस-तुरीच्या आड गांजाची लागवड सापडते. ती नष्ट करायचा मोसमही ठरलेला, पीक उभं असतानाचा. एका छाप्यात क्विंटलांनी माल मिळतो पण गुन्हा एकच, म्हणून तिथे गुन्ह्यांच्या संख्येपेक्षा जप्त वजन आणि क्षेत्र बघावं. नवापूर-विसरवाडी आणि अक्कलकुव्याकडे गुजरातची दारूबंदी आपला परिणाम दाखवते. सीमेवरची वाहतूक पकडली की गुन्हा नंदुरबारच्या खात्यावर. डोंगरात मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो, हातभट्ट्यांच्या केसेसही तेव्हाच्या.

आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशात आखाजीला पत्ते खेळणं हा सणाचाच भाग मानला जातो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये जुगार कायद्याच्या कलम १२(अ) च्या केसेस उसळतात. आखाजी कधी एप्रिलात पडते, कधी मेमध्ये. एप्रिलची तुलना मागच्या एप्रिलशी केली तर निव्वळ तिथीमुळे 'जुगारात मोठी वाढ' असा मथळा तयार होतो. दोन्ही महिने जोडूनच तुलना करावी.

म्हणून भारतीय दंडविधानातले गुन्हे आणि विशेष व स्थानिक कायद्यांतले गुन्हे यांची बेरीज करून 'एकूण गुन्हे' काढू नयेत. जुन्या पद्धतीत ठाण्यात भाग ५ (दंडविधान) आणि भाग ६ (इतर कायदे) असे नंबर वेगळे पडायचे, तेव्हा हा घोळ तरी कमी होता. २०२० मध्ये याची मोठी परीक्षा झाली. टाळेबंदीत घराबाहेर पडलेल्यांवर सरकारी आदेश मोडल्याचं १८८ कलम लावलं गेलं आणि देशभरच्या नोंदीत एका वर्षात २८ टक्के वाढ दिसली. त्याच वर्षी चोऱ्या आणि घरफोड्या घटल्या होत्या.

तीन जिल्हे, तीन वेगळ्या अडचणी

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. अपघातातल्या मृत्यूचा गुन्हा, जुनं ३०४-अ आणि नवं १०६, दंडविधानाच्या एकूण बेरजेत मोजला जातो. मोहाडी, सोनगीर, नरडाणा ही ठाणी महामार्गावरची. तिथली बेरीज वाढली तर आधी अपघात वजा करा. उरलेला आकडाच गुन्हेगारीबद्दल काही सांगेल. वाटमारी आणि ट्रकमधला माल कापून नेणं हेही याच पट्ट्यातलं, आणि त्यात फिर्यादी व आरोपी दोघेही परराज्यातले असू शकतात.

जळगाव जिल्हा आकाराने मोठा आणि कामाचा पसारा एवढा की चाळीसगावला वेगळे अप्पर पोलीस अधीक्षक बसतात. इथे भुसावळ लक्षात ठेवायला हवं. रेल्वेच्या हद्दीतली चोरी लोहमार्ग पोलिसांच्या खात्यात जाते, आणि राष्ट्रीय अहवालात लोहमार्गाच्या ओळी जिल्ह्यांपासून वेगळ्या असतात. जळगावच्या रकान्यात त्या शोधू नका. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातला गुन्हा तर आकड्यांत जवळपास दिसतच नाही. रात्रीतून उभी बाग कापून टाकतात, शेतकऱ्याचं वर्षाचं उत्पन्न जातं, पण नुकसानीचं जुनं ४२७ कलम एकटं लागलं तर अदखलपात्र. सोबत दुसरं दखलपात्र कलम लागलं तरच एफआयआर. शेतातल्या मोटारी, केबल, ठिबकच्या नळ्या यांच्या चोऱ्यांतही शेतकरी पहिल्या खेपेला तक्रार करतो, पुढच्या वेळी करत नाही. अशा वेळी एखाद्या ठाण्यात केबलचोरी घटली म्हणून कुणी पाठ थोपटून घेत असेल तर वायरमनला आणि मोटार भरून देणाऱ्या कारागिराला विचारून बघावं.

मालमत्तेच्या गुन्ह्यांत 'इतक्या कोटींचा ऐवज गेला' ही ओळही फसवी. खान्देशात घरफोडी म्हणजे बहुतेक सोनं. २०१९ च्या मध्याला दहा ग्रॅमचा भाव पस्तीस हजारांच्या आसपास होता, २०२५ मध्ये तो लाखापलीकडे गेला. तेवढ्याच घरफोड्या, तेवढंच सोनं, तरी ऐवजाची किंमत तिप्पट. फिर्यादीत तोळे लिहिलेले असतात. वर्षांची तुलना करायची तर तोळ्यांत करा.

नंदुरबारची अडचण सगळ्यांत खोल. १ जुलै १९९८ ला हा जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला, म्हणून त्याआधीची मालिका धुळ्याच्या आकड्यांत मिसळलेली आहे आणि १९९८ चं वर्ष अर्धं-अर्धं. नर्मदाकाठच्या गावातून मोलगी किंवा धडगाव गाठायचं म्हणजे दिवस जातो, मजुरी बुडते. मारहाण, पळवून नेणं, कधीकधी मृत्यूसुद्धा पंच बसवून, दंड ठरवून मिटवला जातो. डाकीण ठरवून बाईला मारहाण झाली तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो, पण तो लागायला आधी कुणीतरी ठाण्यात यावं लागतं. त्यातून उसतोडीला आणि गुजरातच्या शेतांवर गेलेल्या कुटुंबांवर तिकडे काही ओढवलं तर ते तिकडच्या जिल्ह्यात मोजलं जातं, किंवा कुठेच नाही.

अनुसूचित जमातींवरील अत्याचारांचा तक्ता इथे सगळ्यांत जास्त चुकीचा वाचला जातो. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी होती, म्हणजे जवळपास सव्वाअकरा ते साडेअकरा लाख. अत्याचार प्रतिबंधक कायद्याला आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा लागतो. धडगाव-अक्कलकुव्यात पीडित आणि आरोपी बहुधा दोघेही आदिवासी. तिथला खून खुनाच्या तक्त्यात येईल, या तक्त्यात नाही. दर काढताना छेदात मात्र सगळी आदिवासी लोकसंख्या येते. मग नंदुरबारचा दर जळगावपेक्षा खाली दिसतो आणि 'आदिवासी जिल्ह्यात आदिवासी सुरक्षित' असं वाक्य लिहिलं जातं.

उलट पॉक्सोचा, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या कायद्याचा, आकडा चढताना दिसतो, त्यालाही कारण आहे. अठराच्या आतली मुलगी बाळंतपणासाठी दवाखान्यात आली की कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक. ऑक्टोबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर लग्न झालंय ही सबबही उरली नाही. घरातली बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, आधारवरून वय तपासलं जाऊ लागलं, तसे हे गुन्हे दाखल होऊ लागले. बालविवाह तेवढेच राहिले, अगदी कमी झाले, तरीही हा आकडा वाढू शकतो. आणखी एक खबरदारी: स्त्रियांवरील आणि बालकांवरील गुन्ह्यांचे तक्ते एकमेकांत मिळवू नका. अल्पवयीन मुलींची पॉक्सो प्रकरणं दोन्हींकडे असतात.

दर आणि टक्के

राष्ट्रीय अहवाल राज्यांचे दर देतो, जिल्ह्यांचे निव्वळ आकडे. जिल्ह्याचा दर आपला आपण काढावा लागतो. २०११ ची लोकसंख्या जळगाव ४२,२९,९१७, धुळे २०,५०,८६२, नंदुरबार १६,४८,२९५. समजा तिन्हीकडे एखाद्या प्रकारचे शंभर-शंभर गुन्हे. दर लाखाला जळगाव २.३६, धुळे ४.८८, नंदुरबार ६.०७. आता छेद बदलला तर काय होतं ते बघा. २००१ ते २०११ मध्ये जळगाव सुमारे १५ टक्क्यांनी वाढलं, नंदुरबार सुमारे २६ टक्क्यांनी. तोच वेग धरून २०२१ चा छेद घेतला तर नंदुरबारचा दर ६.०७ वरून ४.८३ वर येतो, जळगावचा २.३६ वरून २.०६ वर. एकही गुन्हा कमी न होता नंदुरबार जास्त 'सुधारलं'. पुढची जनगणना २०२७ ची. तोवर कोणता छेद घेतला हे प्रत्येक तक्त्याखाली लिहावं, आणि तिन्ही जिल्ह्यांना एकाच पद्धतीचा घ्यावा.

छोट्या आकड्यांवर टक्के काढू नयेत. खून ४० वरून ५२ झाले तर 'तीस टक्के वाढ' छापून येतं. फरक १२, बेरीज ९२, तिचं वर्गमूळ ९.६. फरकाला या वर्गमुळाने भागा: १.२५. उत्तर दोनच्या खाली असलं तर ते वर्षागणिक होणारं साधं वरखाली समजा. घरफोड्या ४०० वरून ५२० झाल्या तर टक्के तेच तीस, पण १२० भागिले ३०.३ म्हणजे जवळपास चार. इथे खरंच काहीतरी बदललंय. आधी नोंदणी बदलली का ते तपासायचं, मग टोळ्या. ठाण्याच्या पातळीवर खून, दरोडा असे आकडे एकेरीत असतात. तिथे तीन किंवा पाच वर्षांची बेरीज घेतल्याशिवाय तोंड उघडू नये.

नाशिकशी तुलना करताना नाशिक शहर आयुक्तालय आणि नाशिक ग्रामीण या दोन वेगळ्या ओळी आहेत हे बघा. खान्देशात आयुक्तालय नाही, शहर आणि गाव एकाच बेरजेत. शहरातही नवं ठाणं झालं की जुन्या ठाण्याचा आकडा घसरतो. देवपूर आणि पश्चिम देवपूर, नंदुरबार शहर आणि उपनगर, अशा जोड्या लांब मालिकेत एकत्रच धराव्यात.

मालिका तुटते ती वर्षं

२०१२-१३ हा पहिला मोठा खंड. १४ नोव्हेंबर २०१२ पासून पॉक्सो, फेब्रुवारी २०१३ पासून लैंगिक गुन्ह्यांची नवी कलमं, मे २०१३ मध्ये हरवलेल्या प्रत्येक अल्पवयीनाबाबत एफआयआर करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आणि १२ नोव्हेंबर २०१३ ला दखलपात्र तक्रारीवर एफआयआर बंधनकारक करणारा निकाल. त्यानंतर अपहरणाचे आकडे सगळीकडे उसळले. घरातून निघून गेलेली सतरा वर्षांची मुलगी, जी आधी मिसिंग रजिस्टरमध्ये असायची, ती कलम ३६३ मध्ये आली. २०१२ च्या आधीचं आणि नंतरचं अपहरण एका आलेखावर एका रेषेने जोडणं चूक आहे.

दुसरा खंड १ जुलै २०२४, न्याय संहिता लागू झाली तो दिवस. याचे परिणाम आता आकड्यांत येतायत, म्हणून जरा तपशिलात. पाच हजारांखालच्या मालाची चोरी अदखलपात्र झाली, म्हणजे साधा फोन, सायकल, शेतातलं किरकोळ सामान आता एनसीत जाऊ शकतं. सोनसाखळी ओढून नेणं पूर्वी बहुधा ३९२ खाली, म्हणजे जबरी चोरीत जायचं. आता हिसकावण्याला स्वतंत्र ३०४ कलम आहे. जबरी चोरी घटली असं दिसलं तर ३०४ शेजारी मांडा. तीन वर्षं ते सात वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, तिथेच काही तक्रारी थांबतील. दुसऱ्या बाजूने ऑनलाइन तक्रार तीन दिवसांत सही केली की नोंदली जाते आणि कुठल्याही ठाण्यात शून्याने गुन्हा दाखल होतो. त्यामुळे काही आकडे वरही जातील.

सायबरचं थोडक्यात: १९३० या हेल्पलाइनवर केलेली तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. दोन्ही आकडे वेगळे मागा.

आकडे मिळवायचे कसे

राष्ट्रीय अहवाल उशिरा येतो. २०२३ चा सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस आला. जिल्हानिहाय आकडे मुख्य खंडात नसून अतिरिक्त तक्त्यांत असतात. ताजा अंदाज हवा असेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर 'प्रकाशित एफआयआर' उघडा, जिल्हा, ठाणं आणि तारखा टाका. प्रत्येक ठाण्याचा नंबर जानेवारीत एकपासून सुरू होतो. ३१ डिसेंबरचा शेवटचा नंबर म्हणजे त्या ठाण्याचे वर्षभरातले सगळे गुन्हे, छाप्यांचे धरून. मधले गायब नंबर बहुतेक लैंगिक आणि पॉक्सोचे, कारण संवेदनशील एफआयआर संकेतस्थळावर टाकत नाहीत. काही निव्वळ अपलोड करायच्या राहिलेल्या. खाली उतरवताना एकदम वर्षाच्या तारखा टाकू नका, महिन्यामहिन्याने काढा.

ठाणेनिहाय पक्का आकडा माहिती अधिकारातच मिळतो. अर्ज पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, दीडशे शब्दांत. 'गुन्हेगारीची माहिती द्या' असं लिहिलं की 'संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असं उत्तर ठरलेलं. त्यापेक्षा जिल्ह्यातून वरिष्ठ कार्यालयाला दरमहा जाणाऱ्या गुन्हे विवरणपत्राच्या प्रती मागा. तो कागद तयारच असतो, संकलनाचा प्रश्न येत नाही. दुसऱ्या अर्जात त्याच महिन्यांच्या एनसी, मिसिंग, अकस्मात मृत्यू आणि गहाळ मोबाईल यांच्या ठाणेनिहाय संख्या. नावं मागू नका, त्यावर अर्ज अडतो. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. प्रती पानाला दोन रुपये. तीन जिल्ह्यांना एकाच दिवशी, एकाच मजकुराचे अर्ज द्यावेत, म्हणजे रकाने जुळतात. २०२४ मागताना जानेवारी-जून आणि जुलै-डिसेंबर वेगळे मागा, दुसऱ्या सहामाहीत जुनी आणि नवी दोन्ही कलमं लिहून. जुलैनंतर दाखल झालेल्या पण जुलैआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनंच दंडविधान लागतं, आणि फक्त नवं कलम लिहिलं तर तेवढे गुन्हे उत्तरातून गळतात.